चहा व एक पदार्थ

आमच्या गावाला तेव्हा धड रस्ता नव्हता, पण मुंबईत मंडळ होतं. कोकणातल्या कुठल्याही गावाचं असतं तसंच: लांबलचक नाव, एक रबरी शिक्का आणि तो शिक्का कुणाच्या घरी राहायचा यावरून भांडणारे पुरुष. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर भांडुपपासून दिंडोशीपर्यंतचे सगळे गाववाले हे वाचतील आणि प्रत्येकाला वाटेल, आपल्याच बायकोबद्दल लिहिलंय. या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पुऱ्या तळायला, पाहुण्यांना ओवाळायला आणि भाषणांच्या वेळी रिकाम्या खुर्च्या भरायला माणसं लागायची. म्हणून पुरुषांनी एक दिवस उदार मनाने महिला मंडळ स्थापन केलं आणि त्याला स्त्रीशक्तीचा जागर असं म्हटलं. पुऱ्या तळून झाल्या की जागर संपेल, असा त्यांचा अंदाज होता.

तो चुकला. बायकांना एकदा भेटायला कायदेशीर कारण मिळालं की त्या ते सोडत नाहीत. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारची जेवणं आवरली की आळीपाळीने एकेकीच्या घरी सभा भरू लागली. मंडळाच्या घटनेत कलमं बरीच होती, पण सगळ्यांना पाठ होतं ते एकच: यजमान सभासदाने चहा व एक पदार्थ द्यावा. कुणावर भार पडू नये, कुणी कुणाशी चढाओढ करू नये, हा त्यामागचा उदात्त हेतू. पहिल्या सभेला कांदेपोहे झाले. दुसऱ्या सभेला घावणे आले आणि घावण्यांबरोबर खोबऱ्याची चटणी. चटणी हा वेगळा पदार्थ धरायचा का, यावर त्या दिवशी जी चर्चा झाली, तशी सखोल चर्चा मी पुढे नोकरीत कुठल्याही मीटिंगला ऐकली नाही. शेवटी अध्यक्षा ताई काकींनी निकाल दिला, "चटणी पदार्थ नाय. तां घावण्याचा वस्त्र." वस्त्र मंजूर झाल्यावर दागिने यायला किती वेळ लागतो? आंबोळीमागून काळ्या वाटाण्याचं सांबारं आलं, शिरवाळ्यांमागून नारळाचा रस आला, आणि वर्ष सरेपर्यंत एक पदार्थ म्हणजे एक भरलेलं ताट, अशी व्याख्या रूढ झाली. सभेच्या दिवशी संध्याकाळी कुणाच्याच घरी स्वयंपाक होत नसे. स्त्रीशक्तीचा तो पुरुषांना बसलेला पहिला झटका.

आमची खोली भांडुपच्या टेकडीवर, चाळीच्या टोकाला. आमच्याकडे सभा असली की निम्म्या सभासद आत बसायच्या आणि उरलेल्या गॅलरीतून ठरावांना अनुमोदन द्यायच्या. माझी आई मंडळाची चिटणीस. मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवणं हे तिचं मुख्य काम, आणि ते ऐकून न घेणं हे बाकीच्यांचं. त्यामुळे आईचा आवाज महिन्यागणिक वाढत गेला. घरात ती फारसं बोलायची नाही. पण "मागील सभेत ठरल्याप्रमाणे" असं ती म्हणायला लागली की खालच्या चाळीतली कुत्री उठून बसायची. मंडळाने सामाजिक कार्यही भरपूर केलं. वृक्षारोपण केलं, ती रोपं शेजारच्या बकऱ्यांनी सामाजिक भावनेने खाल्ली. आरोग्य शिबिर घेतलं. सगळ्यांचा रक्तदाब जास्त निघाला, कारण तपासणी पदार्थानंतर ठेवली होती. पाककला स्पर्धेत सगळ्याच सभासदांना पहिलं बक्षीस मिळालं, कारण परीक्षक बाईंना त्याच चाळीत राहायचं होतं.

मी तेव्हा मुलुंडच्या कॉलेजात जायला लागले होते आणि मला फार शिंगं फुटली होती. आई घरकाम करते आणि वडील घरी असतात, हे सांगायची लाज वाटायची, म्हणून मैत्रिणींना मी सांगायचे, "मदर सेक्रेटरी आहे. फादर थिएटरमध्ये." दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या होत्या. इतकी सत्यवादी मी नंतर कधीच राहिले नाही.

बाबांच्या थिएटरचं असं होतं. पूर्वी ते गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात लागले, आणि कारखान्यानेही पुढे त्यांना ऐच्छिक निवृत्ती दिली; म्हणजे इच्छा कारखान्याची, निवृत्ती बाबांची. पण या सगळ्या वर्षांत गावच्या जत्रेला रजा काढून ते दशावतारात उभे राहायचे आणि काम करायचे राणीचं. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात. रंगमंचावर एक बाकडं असतं. तेच सिंहासन, तोच पर्वत, तेच अरण्य. आणि लिहिलेली संहिता नसते. कथा सगळ्यांना ठाऊक, संवाद ज्याने त्याने तिथल्या तिथे बोलायचे. बाबा गोरे, नाजूक बांध्याचे. साडी आईची, ब्लाउज आईने उसवून मोठा केलेला, खोटं मंगळसूत्र आईने फुटपाथवरून घासाघीस करून आणलेलं. बाबांच्या राणीला गावात टाळ्या पडायच्या आणि आई पहिल्या रांगेत बसून आपली चांगली साडी धुळीत लोळताना बघायची. निवृत्तीनंतर मात्र बाबांनी जाहीर केलं की राणी संपली, आता आपण गावचे मानकरी. आणि त्या पदाला शोभेल अशी मिशी वाढवायला घेतली.

मिशीपाठोपाठ गाव आलं. एक दिवस ते जेवताना म्हणाले, "खोली देऊन टाकूया. गिऱ्हाईक बघून ठेवलंय. पावसाच्या आधी गावाक जाऊन ऱ्हवूया. ताजी मासळी, दारात आंबो, आणखी काय व्हया माणसाक?"

आईने त्यांच्या पानात भात वाढला. "अजून आमटी घालू?"

"बघ," बाबा मला म्हणाले, "तुझ्या आवशीची ना नाय." माझी सोय दिंडोशीच्या मामाकडे ठरली होती. मामाकडे टीव्ही मोठा आहे, हे मला समजूत घालायला सांगितलं गेलं. कुणी काही विचारलं नव्हतं; आम्हांला फक्त कळवलं होतं.

रात्रीची भांडी घासताना मी आईला म्हटलं, "तुला जायचंय का गं?"

"थंय मी कोण?" ती म्हणाली. "मधल्या भावाची बाईल. चूल थोरल्या जावेची, तुळस सासूची. हंय मी चिटणीस."

"मग सांग ना बाबांना!"

"माका इचारल्यानी काय?" आईने कढई पालथी घातली. "इचारल्याशिवाय काय सांगूचा?"

मला तेव्हा हा शुद्ध बावळटपणा वाटला. बाई, तोंड आहे ना, बोल की. आज माझ्या घरात, न विचारता ठरलेल्या गोष्टींची मोजदाद मी स्वतः करत नाही, त्यामुळे या विषयावर मी जास्त बोलत नाही.

त्याच सुमाराला महिला मंडळाने ठराव केला की यंदाच्या स्नेहसंमेलनात पुऱ्या केटररकडून आणायच्या आणि महिलांनी दशावतार करायचा. पुरुष मंडळात हशा पिकला, आणि हसून झाल्यावर परवानगी मिळाली. गोष्ट निवडली ती राज्यदानाची: एक राजा ऋषीला शब्द देऊन बसतो, ऋषी सगळं राज्य मागतो, आणि राजा राणीला घेऊन वनात निघून जातो. ऋषीचं काम ताई काकींनी घेतलं. त्या उंच, खर्जातल्या आवाजाच्या, आणि नवरा गेल्यापासून कुणाला न घाबरणाऱ्या. राणी झाल्या विद्या वहिनी, कारण त्या मंडळात सगळ्यांत तरुण आणि दिसायला झकास. राजा व्हायला कुणी तयार होईना. काजळाने मिशी रंगवायची, मुकुट घालायचा, ओरडायचं. "आवाज कोणाचा मोठो?" ताई काकींनी विचारलं आणि सगळ्यांनी चिटणिसाकडे पाहिलं. मला झांज दिली, कारण झांज वाजवायला अक्कल लागत नाही असा समज आहे. मी तो खोटा पाडला.

शिकवायला अर्थात बाबा. मिशांना पीळ देत ते आमच्या खोलीत उभे राहायचे आणि लग्न होऊन दहा-वीस वर्षं झालेल्या बायकांना बाई कशी असते ते समजावून सांगायचे. "विद्या, राणी हरणीसारखी चालता. तू रेशनच्या रांगेत घुसतंस तशी चालतंस." "पदर असो धरूचो. असो! तू पदर धरलंहस काय पिशवी?" बायकाही माना डोलवायच्या. जन्मभर साडी नेसूनही आपल्याला ती नेसता येत नव्हती, हे त्यांना पटत चाललं होतं. दोन गोष्टी बाबांनी घोटून घेतल्या. एक, तोंडाला रंग लागला की पात्र सोडायचं नाही. "मागे आग लागली तरी राणी ती राणीच." दुसरी, राजा काहीही म्हणाला तरी राणीचं उत्तर ठरलेलं: जशी स्वामींची आज्ञा.

तालमी व्हायच्या मासिक सभेत, शेवटचा विषय म्हणून. म्हणजे इतिवृत्त, मग चहा, मग पदार्थ, मग पदार्थाची कृती, आणि मग जो वेळ उरेल तो. त्यात दर वेळी राजाचा दरबार व्हायचा, ऋषी यायचा, राज्य मागायचा, आणि तेवढ्यात कुणाचा तरी नवरा ऑफिसातून यायची वेळ व्हायची. वनात जाण्याचा प्रवेश एकदाही झाला नाही. "तां आपसूक येता," बाबा म्हणायचे. त्यांना तो आपसूक यायचाच. तो त्यांचा हुकमी प्रवेश होता.

कार्यक्रमाचा हॉल भांडुप स्टेशनजवळचा. संध्याकाळी तिथे कुणाचं तरी रिसेप्शन होतं, त्यामुळे डेकोरेशनवाल्यांनी दुपारीच फुलं लावायला घेतली होती आणि आमच्या राजाच्या दरबारामागे थर्माकोलमध्ये 'शुभविवाह' असं लिहिलेलं होतं. रंगपटात आई बाकड्यावर बसली होती. डोक्यावर मुकुट, कमरेला तलवार, ओठावर काजळाची मिशी. बाबांची खरी मिशी आणि आईची काजळाची, दोन्ही एकाच आरशात बघताना मला कसंतरीच झालं. आईची जास्त शोभत होती.

पखवाजवाल्याने पखवाजाला कणीक लावली. बाबा विद्या वहिनींना शेवटचं समजावत होते. "मगे ऋषी म्हणतलो, अंगावरचा सोना पण माझा. तू एकेक काढूचा. बांगड्यो, मगे हार, मगे शेवटाक मंगळसूत्र. तां सावकाश. थंयच बायो रडतत."

विद्या वहिनींचा हात गळ्याशी गेला. "मंगळसूत्र?"

"खोटा गो! ह्यां बघ, फुटपाथावरचा."

"खोटं असलं तरी गळ्यातलं ना भावोजी! सगळ्यांसमोर काढू?"

इतक्या महिन्यांत चटणी पदार्थ आहे की नाही याचा निकाल लागला होता, पण वनात जाताना राणीला मंगळसूत्र उतरवावं लागतं, हे एकीच्याही लक्षात आलं नव्हतं. आणि ज्याच्या लक्षात होतं, त्याला त्यात अडचण दिसली नव्हती. पुरुषाच्या गळ्यातून ते काढायला काय लागतं?

अशा बातम्यांना पाय नसतात, पंख असतात. दार ढकलून विद्या वहिनींच्या सासूबाई आत आल्या. "माझो झील अजून जिवंत आसा हां! बाहेर बसलो हा, दुसऱ्या रांगेत! नाटकात काढलंस तर घराक येव नको." विद्या वहिनी रडायलाच लागल्या आणि डोळ्यांतलं काजळ गालांवर आलं. बाबा बदली राणी शोधायला एकीकडे बघतात तर ती पाठ वळवायची, दुसरीकडे बघतात तर ती पदर आवळून घ्यायची. ते काढणं गाळा, असं कुणीतरी म्हणालं. "गाळूचा?" बाबा दुखावले. "मगे नाटक कित्याक करूचा? भजन करा!" शेवटी त्यांनी आशेने ताई काकींकडे पाहिलं. दाढी लावलेल्या ताई काकी म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नको. मी एकदा काढलंय. आता खोटा पण नाय."

बाहेर प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागले होते, त्या कौतुकाच्या नव्हत्या. मग बाकड्यावरून आई, मान न वळवता, इतिवृत्ताच्या आवाजात म्हणाली, "हंयसर एकाच माणसाक तां काढूची सवय आसा."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मिशीवर हात ठेवला.

शेजारच्या सलूनमध्ये ती मिशी गेली. तोवर उरलेल्या बायकांनी रंगमंचावर फुगड्या घालून वेळ मारून नेली, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीचं सगळ्यांत चांगलं काम तेच झालं. बाबा परत आले, विद्या वहिनींची साडी नेसले, आणि पाच मिनिटांत आमच्या खोलीतला मानकरी नाहीसा होऊन राणी उभी राहिली. कुणी हसलं नाही. पदर धरलेला तो हात बघून मला प्रथमच कळलं की थिएटर हा शब्द मी मैत्रिणींना सांगत होते तितका काही खोटा नव्हता.

दरबार झाला. आईचा राजा गरजला, मागच्या रांगेतली पोरं दचकून जागी झाली. ताई काकींनी दाढी सावरत राज्य मागितलं. "राजा, शब्द दिलास. सिंहासन सोड, राणीला घे आणि वनात चालता हो!" आता राजाने म्हणायचं होतं, चल प्रिये. मी झांज उचलून तयार होते.

आई उठली. प्रेक्षकांकडे बघितलं, ऋषीकडे बघितलं, मग राणीकडे. "मुनिवर, थांबा," ती म्हणाली. "आम्ही शब्द दिला, हे खरं. पण देताना राणीला विचारायचं राहून गेलं."

पखवाजवाल्याला वाटलं, बाई विसरली. त्याने सांभाळून घ्यायला थाप मारली. आईने तलवारीचा हात वर करून त्याला थांबवलं. "बोल प्रिये. तुला वनात जायचं आहे?"

बाबांच्या तोंडून सवयीने आलं, "जशी स्वामींची आज्ञा."

"आज्ञा मागाहून देऊ," आईचा राजा म्हणाला. "आधी इच्छा सांग."

मी रंगमंचाच्या कडेला बसले होते. बाबांचा चेहरा मला एका बाजूने दिसत होता. रंगाखाली काय चाललंय ते ओळखायला झांजेपेक्षा जास्त अक्कल लागत नव्हती. राजा काय विचारतोय आणि कुठल्या वनाबद्दल, हे त्यांना कळलं होतं. हसून साजरं करता आलं असतं. "काय गो, विसरलंस?" एवढं म्हटलं असतं तरी हॉल हसला असता आणि नाटक रुळावर आलं असतं. पण मग पात्र सुटलं असतं. पुरुष मंडळाच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "हो म्हण गो राणये, रिसेप्शनवाले इले!"

राणीने पदर खांद्यावर नीट घेतला. "नाथ," ती म्हणाली, त्या बारीक, गोड आवाजात, "आजवर किती राजांबरोबर वनात गेले. विचारलं कुणीच नव्हतं." मग तिने बायकांच्या बाजूला हात केला. "इथे माझ्या सख्या आहेत. वनात मला ओळखतं कोण?" आवाज जरा चिरकला. ती कला होती की काय, मला आजही सांगता येत नाही. "मला नाही जायचं, नाथ."

आई ऋषीकडे वळली. "मुनिवर, राणी नाही म्हणते."

पुराणात याच्या पुढे काय होतं, ते ताई काकींना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी दाढी खाजवली, बाकड्यावर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "बरा तर. मगे माका चाय तरी द्या."

"आणि एक पदार्थ!" बायकांच्या बाजूने आवाज आला, आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. मी झांज वाजवली; तालात होती की नाही, देव जाणे. मंगळसूत्र गळ्यातच राहिलं आणि तरीही बायका रडल्या. विद्या वहिनींच्या सासूबाई तर सगळ्यांत जास्त. आभारप्रदर्शनात पुरुष मंडळाचे अध्यक्ष म्हणाले की कथेचा शेवट शास्त्राला धरून नव्हता, याची मंडळ गंभीर दखल घेईल. अजून घेतंय.

घरी आल्यावर बाबांनी खोबरेल तेलाने रंग काढला, साडी घडी घालून विद्या वहिनींकडे पाठवली आणि आठवडाभर तोलून-मापून बोलले. आई नेहमीसारखीच होती. आमटी हवी का, एवढंच विचारायची. मी दिंडोशीच्या मामाकडे जायची पिशवी भरू की नको, हे कुणाला विचारावं ते मला कळेना.

रविवारी सकाळी खोलीचं गिऱ्हाईक आलं. चांगला माणूस होता, पेढे घेऊन आला होता. "मग कधी करायचं?" त्याने विचारलं. बाबांनी नसलेल्या मिशीवरून बोट फिरवलं. आत आई नारळ खवत होती, तिचा खर्र खर्र आवाज येत होता.

"गो," बाबांनी हाक मारली. राणीच्या नाही, घरच्या आवाजात. "खोली देऊची काय?"

खवणीचा आवाज थांबला. आई दारात आली, हाताला खोबरं लागलेलं. तिने पेढे बघितले, त्या माणसाला बघितलं, आणि बाबांकडे जितकं बघायचं तितकं बघून घेतलं.

"पुढच्या शनिवारी सभा आपल्याकडे आसा," ती म्हणाली. "ती होवंदे. मगे सांगतंय." आणि पुन्हा खवायला बसली.

आता त्या चाळीच्या जागी टॉवर आहे आणि आई-बाबा अकराव्या मजल्यावर राहतात. सभा आता लिफ्टने येते. पदार्थ आई करते; चहा बाबा करतात, पदार्थाला हात लावायची त्यांना परवानगी नाही. मिशी त्यांनी पुन्हा वाढवली नाही. पेढे आणणारा तो माणूस त्या वर्षी आणखी दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा बाबांनी त्याला चहा दिला आणि दारापर्यंत सोडताना हळूच सांगितलं, "विचारलंय मी. सभा व्हायची आहे हो अजून."